*वेदेती : चेक 'व्येदा' आणि आपला 'वेद' खरंच एका घरातले का?

प्रागचा_पाहुणा (धागाकर्ता)

चेक भाषेत 'जाणणे'ची वर्तमानकाळातली रूपं अशी चालतात : वीम, वीश, वी, वीमे, वीते, व्येदी. मूळ क्रियापद 'व्येद्येत'. विज्ञानाला म्हणतात 'व्येदा'. इथे प्रागमध्ये नारोद्नी रस्त्यावर विज्ञान अकादमी आहे, तिचं नाव 'आकादेमिये व्येद'. हे वाचून मराठी माणसाला वेद आठवला नाही तरच नवल.

व्युत्पत्तिकोशात पाहिलं तर या सगळ्याच्या मुळाशी *वेदेती असं रूप दिलंय, आणि त्याच्या डोक्यावर एक तारा. तारा म्हणजे हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलना करून मांडलेलं आहे, एवढं कळलं.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलं. काका म्हणाले, 'सगळं संस्कृतातूनच गेलंय तिकडे.' ऑफिसातला चेक मित्र म्हणतो, 'योगायोग असेल.' दोघांचंही मला पटत नाही. जाणकारांना तीन प्रश्न :

हे नातं खरं कशावरून? लिहिलेलंच नाही ते रूप इतक्या ठामपणे कसं मांडतात? आणि रशियन लोक 'जाणणे'साठी 'ज़्नात्' म्हणतात, तर हे दुसरं क्रियापद त्यांनी कुठे टाकलं?

भटकभवानी

वाचनखूण साठवली. सवडीने येते.

लघुकौमुदी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नातं खरं आहे, आणि ते सिद्ध होतं ते नुसत्या आवाजाच्या साम्यावरून नव्हे, तर दोन्हीकडे एकाच ठिकाणी असलेल्या एका विचित्र अपवादावरून.

संस्कृत शिकलेल्यांनी आठवून पाहावं. परोक्ष भूतकाळ, म्हणजे लिट्, करताना धातूचं पहिलं अक्षर दुप्पट होतं : कृ – चकार, गम् – जगाम, दृश् – ददर्श. आता विद् धातूचं 'वेद' घ्या. 'य एवं वेद', जो असं जाणतो. प्रत्यय लिट्चे, द्वित्व मात्र नाही, आणि अर्थ चक्क वर्तमानकाळाचा. हे पाणिनीच्या नजरेतून सुटलेलं नाही. 'विदो लटो वा' (३.४.८३) असं खास सूत्र त्याने दिलं : विद् धातूला वर्तमानकाळात लिट्चे प्रत्यय विकल्पाने लागतात. म्हणून 'वेत्ति'ही बरोबर, 'वेद'ही बरोबर. गीतेतल्या ७.२६ मध्ये 'वेदाहं समतीतानि' आणि 'मां तु वेद न कश्चन' असं एकाच श्लोकात उत्तमपुरुष (मी) आणि प्रथमपुरुष (तो) दोन्ही सापडतात.

हे असं का? मूळ धातूचा अर्थ 'पाहणे' होता. 'मी पाहिलं आहे' म्हणजेच 'मला माहीत आहे'. घडून गेलेल्या पाहण्याचं आता उरलेलं फळ म्हणजे ज्ञान. ग्रीकमध्ये 'ओइदा' म्हणजे मी जाणतो. तिथेही द्वित्व नाही आणि अर्थ वर्तमानाचा. गॉथिकमध्ये (जर्मन कुळातली लुप्त भाषा) 'वाइत', तसंच. इतक्या दूरदूरच्या भाषांत एकाच धातूने एकच नियम एकाच पद्धतीने मोडावा, हा योगायोग होऊ शकत नाही. तुमच्या चेक मित्राला हे सांगा.

आता स्लाव्हिककडे, म्हणजे चेक, पोलिश, रशियन यांच्या कुळाकडे. जुनी चर्च स्लाव्होनिक ही स्लाव्ह भाषांपैकी सर्वात आधी लिहिली गेलेली. ८६३ च्या सुमारास सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ मोराव्हियात, म्हणजे तुमच्याच चेक प्रदेशात, धर्मप्रसाराला आले, त्या कामातून ती घडली. तिच्यात 'मी जाणतो' याला दोन रूपं आहेत : 'वेमि' आणि 'वेदे'. 'वेमि' साध्या वर्तमानाचं. 'वेदे' हे मात्र जुन्या लिट्चं, आणि त्याच्या शेवटचा स्वर हा आपल्या 'चक्रे', 'बुबुधे' यांच्या शेवटी असलेल्या आत्मनेपदी ए-चा सोबती आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. स्लाव्ह भाषांनी हा जुना काळ झाडून सगळा टाकून दिला. त्यातलं एवढं एकच रूप शिल्लक राहिलं.

म्हणजे पाणिनीने जो विकल्प नोंदवला, वेद किंवा वेत्ति, तोच विकल्प तिकडे वेदे किंवा वेमि असा उभा आहे. मला तरी व्याकरणात याहून सुंदर गोष्ट फार सापडलेली नाही.

तळ्यातमळ्यात

क्या बात है! लघुकौमुदी, शाळेत तुम्ही शिकवायला असता तर मी संस्कृत सोडून चित्रकला घेतली नसती.

गोदाकाठ

माझी शंका बाळबोध वाटेल. 'वेध घेणे' मधला वेध पण यातलाच का? आणि वेदना? आणि आमच्या गावात जडीबुटी घेऊन यायचे ते वैदू?

लघुकौमुदी

वेध नाही. तो व्यध् धातूचा, भोसकणे, आरपार जाणे. वेदना मात्र यातलीच. मूळ अर्थ 'जाणवणे' एवढाच, मग फक्त दुखण्याचं जाणवणं उरलं. वैदू हा वैद्य शब्दाचा लोकांच्या तोंडी घडलेला अवतार, म्हणजे तोही विद्चाच. शिवाय निवेदन, विदित, विद्वान, संवेदना हे सगळे.

सह्यवारा

धागा छान. पण मग काकांचं चुकलं कुठे? पाणिनीसारखं व्याकरण आपल्याकडे, वेद आपल्याकडे, रूपं आपल्याकडे जास्त शाबूत. मग शब्द इथून तिकडे गेला म्हणायला हरकत काय? हे युरोपियनांनी बसवलेलं 'मूळ भाषा' प्रकरण मला नेहमीच शंकास्पद वाटतं.

लघुकौमुदी

सह्यवारा, शंका रास्त आहे. तिचं उत्तर भावनेत न जाता देता येतं, म्हणून देतो.

रशियन घ्या. 'गाडीने वाहून नेणे' म्हणजे 'वेज़्ती', आणि गाडी म्हणजे 'वोज़'. एकात ए, दुसऱ्यात ओ. आपल्याकडे वहति आणि वाह. दोन्हीकडे अ-आ. ग्रीक-लॅटिनमध्ये पाहिलं तर तिथेही ए आणि ओ वेगळे. म्हणजे मूळ भाषेत हे दोन स्वर वेगळे होते आणि संस्कृतात ते 'अ'मध्ये विरून गेले. स्लाव्हिक जर संस्कृतातून निघाली असती, तर विरून गेलेला फरक तिने अचूक त्याच शब्दांत परत कुठून आणला?

आता उलट बाजू. ज्ञा म्हणजे रशियन 'ज़्ना-'. हिम म्हणजे रशियन 'ज़िमा' (हिवाळा). आपल्याकडे एकात ज, दुसऱ्यात ह. त्यांच्याकडे दोन्ही ठिकाणी ज़. म्हणजे इथे संस्कृताने फरक जपला आणि स्लाव्हिकने घालवला. प्रत्येकीने काही जपलं, काही घालवलं. त्यामुळे दोघींपैकी कुणी कुणाची आई ठरत नाही, बहिणी ठरतात. यात संस्कृताचं काही कमी होत नाही. उलट पाणिनीने जो अपवाद टिपून ठेवला तो दुसऱ्या खंडातल्या भाषेने खरा ठरवला, याचा आनंद वाटावा.

सह्यवारा

वेज़्ती-वोज़चा मुद्दा वजनदार आहे. मूळ भाषा कुठे बोलली जायची याबद्दल माझे प्रश्न कायम आहेत, पण तो या धाग्याचा विषय नाही. पुढे वाचतोय.

वॉर्सावाली

पोलंडमधून हजेरी. आमच्याकडे हे क्रियापद अगदी धडधाकट आहे : व्येम, व्येश, व्ये. सगळ्या पोलंडमध्ये दिवसभर 'न्ये व्येम' (माहीत नाही) ऐकू येतं.

मला इथली एक गंमत फार आवडते. पोलिश 'व्येजेच' म्हणजे जाणणे, पण बातमी किंवा निरोप म्हणजे 'व्यादोमोश्च'. एकाच धातूत एकदा ये, एकदा या. शिकवणी घेणाऱ्या बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी नियम दाखवला : जुना जो दीर्घ स्वर होता, त्याच्या पुढे त, द, स, न, र, ल असं कठोर दंत्य व्यंजन आलं की त्याचा 'या' होतो, नाहीतर 'ये' राहतो. उन्हाळा 'लातो', पण उन्हाळ्यात 'व लेचे'. एकदा हे कळलं की शेकडो शब्द आपोआप जागेवर बसतात.

याच घरातले आणखी : पोव्येजेच (सांगणे), ओद्पोव्येच (उत्तर), पोव्येश्च (कादंबरी), स्पोव्येच (चर्चमधला कबुलीजबाब). 'कारण की' या अर्थी जरा पुस्तकी शब्द आहे 'बोव्येम', त्यात 'बो' अधिक 'व्येम', म्हणजे 'मी जाणतो' सरळ शिवलेलं आहे.

जुना_कॉम्रेड

हा धागा आमच्यासाठीच निघालेला दिसतो. मी ऐंशीच्या दशकात पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकलो. धागाकर्त्याचा तिसरा प्रश्न मी घेतो.

रशियनमध्ये 'व्येदत्' हे क्रियापद मेलेलं नाही, पण जाणण्याचं काम त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. आता त्याचा अर्थ 'एखादं खातं सांभाळणे'. सरकारी खातं म्हणजे 'व्येदमस्त्वो'. विभागप्रमुख म्हणजे 'ज़ाव्येदुयुश्ची'. जाणकार होता, कारभारी झाला! पीटर द ग्रेटने १७०२ च्या डिसेंबरात हुकूम काढून १७०३ पासून रशियातलं पहिलं छापील वर्तमानपत्र चालू केलं, त्याचं नाव 'व्येदमस्ती', म्हणजे कळवलेल्या गोष्टी. १९१७ साली निघालेलं 'इज़व्येस्तिया' हेही याच धातूचं. सोव्हिएत काळातला विनोद जुन्या मंडळींना आठवत असेल : 'प्रावदा'त बातमी नसते आणि 'इज़व्येस्तिया'त सत्य नसतं. प्रावदा म्हणजे सत्य, इज़व्येस्तिया म्हणजे बातम्या.

पण खरा खजिना वेगळाच आहे. रशियन माणूस बोलताना दर चार वाक्यांनी एक शब्द घालतो : 'व्येद्'. त्याला स्वतंत्र अर्थ नाही. आपण 'अहो, त्याला माहीत आहेच की' म्हणताना जो 'की' घालतो, किंवा 'ना', साधारण तसा. लघुकौमुदींनी वर जे 'वेदे' सांगितलं, लिट्चं एकुलतं एक उरलेलं रूप, ते घासत घासत हे 'व्येद्' झालं आहे. पाणिनीच्या सूत्रातलं रूप मॉस्कोच्या भाजीबाजारात रोज हजार वेळा उच्चारलं जातं आणि उच्चारणाऱ्याला त्याचा पत्ता नाही.

'या व्येद् न्ये ज़्नाल' म्हणजे 'मला ठाऊक नव्हतं ना!' आता मुळाकडे जाऊन वाचा : मी, जाणतो, नाही जाणलं. दोन्ही धातू एका वाक्यात, आणि एकमेकांच्या विरुद्ध.

तळ्यातमळ्यात

हे शेवटचं वाक्य म्हणजे आमच्या ऑफिसच्या मीटिंगचं इतिवृत्त आहे.

प्रागचा_पाहुणा

कॉम्रेडकाका, 'व्येद्'बद्दल वाचून अक्षरशः उठून उभा राहिलो. चेकमध्ये असं काही उरलंय का ते शोधतो. शाळेच्या पुस्तकात नाही.

लघुकौमुदी

जुन्या चेकमध्ये 'व्येद्ये' हे उत्तमपुरुषी रूप मिळतं, 'मी जाणतो' याच अर्थाने. आजच्या बोलण्यात 'वीम'ने त्याची जागा घेतली.

सातारी_कंदी

म्हणजे रशियाचे ते माजी राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव म्हणजे 'मधुवेदी'? मध कुठे आहे हे जाणणारा तो मेद्वेद, अस्वल! मला हे आधीपासून वाटत होतं, आज खात्री झाली.

भटकभवानी

आणि सोव्हिएत? सो-व्येत, म्हणजे 'सह-वेद'?

जुना_कॉम्रेड

दोन्ही नाहीत. भटकभवानी, 'सव्येत'मध्ये शेवटी त आहे, द नाही. तो 'बोलणे' अर्थाचा वेगळा धातू आहे. ओत्व्येत (उत्तर), प्रिव्येत (नमस्कार), ज़ाव्येत (मृत्युपत्र, करार) हे त्याचे. गंमत अशी की 'उत्तर' या एकाच अर्थासाठी रशियनने त-वाला धातू घेतला, तर पोलिश आणि चेकने द-वाला. दिसायला जुळी, पण घरं वेगळी.

अस्वलाची गोष्ट रशियात शाळकरी मुलंसुद्धा अशीच सांगतात. पण ते 'मध जाणणारा' नाही, 'मध खाणारा' आहे. मेदु अधिक एद्. एद् म्हणजे खाणे, आपला अद्, अत्ति. मेदुच्या उ-चा पुढच्या स्वरामुळे व झाला.

लघुकौमुदी

अगदी! मधु + अद् = मध्वद्, पाणिनीचं संधिसूत्र 'इको यणचि'. संधी दोन्हीकडे तोच. आणि हा शब्द ऋग्वेदात आहे, १.१६४ या सूक्तात : 'यस्मिन् वृक्षे मध्वदः सुपर्णाः'. तिथे तो पक्ष्यांबद्दल आहे, अस्वलाबद्दल नाही, पण शब्दाची घडण हुबेहूब.

सातारी_कंदी

पण मग अस्वलाला साधं नाव का नाही ठेवलं? 'मधखाऊ' असं फिरवून का?

वॉर्सावाली

भीतीने. जंगलात राहणारी माणसं त्याचं खरं नाव घ्यायची नाहीत, घेतलं तर ते येतं म्हणून. आपल्याकडे गावात रात्री साप म्हणत नाहीत, 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणतात, तसंच. अस्वलाचं मूळ नाव संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये आर्क्तोस, ते स्लाव्ह भाषांतून पूर्णपणे पुसलं गेलं. युक्रेनियनमध्ये तर 'मेद्वेद'चे दोन तुकडे उलटेपालटे करून 'वेदमीद' करून टाकलंय.

लघुकौमुदी

अवांतर : आपल्या 'अस्वल'मध्ये तो ऋक्ष दडलेला आहे. ऋक्षचं प्राकृतात 'अच्छ', त्याला भल्ल जोडून 'अच्छभल्ल', त्याचं अस्वल. अवांतर संपलं, नाहीतर धाग्याचा खरडफळा (गप्पांचा कट्टा) होईल.

मैत्रेयी_ब

चेटकिणीला रशियनमध्ये 'व्येद्मा' म्हणतात, पोलिशमध्ये 'व्येज्मा', सर्बियनमध्ये 'वेश्तित्सा'. सगळी याच धातूची ना? म्हणजे जाणणारा पुरुष वैद्य, आणि जाणणारी बाई चेटकीण. या अन्यायाकडे धाग्यात कुणाचंच लक्ष गेलं नाही, म्हणून नोंदवते. हा शब्द मूळचा वाईट असायचं कारण नाही. औषधपाला जाणणारी, बाळंतपणं करणारी बाई ती 'जाणती'. तिला घाबरायला नंतर शिकवलं गेलं.

जुना_कॉम्रेड

मैत्रेयीताई, मुद्दा बरोबर आहे. घडणीच्या दृष्टीने त्या शब्दात 'जाणणारी' यापलीकडे काहीही नाही.

याच्या उलट प्रवासही झालाय. रशियनमध्ये 'व्येझ्लिवी' म्हणजे सभ्य, नम्र. मुळात जाणकार. आणि नकार लावून दोन शब्द : 'न्येव्येझा' म्हणजे असभ्य माणूस आणि 'न्येव्येझ्दा' म्हणजे अडाणी माणूस. फरक फक्त एका द-चा. मूळ स्लाव्हिकमधल्या 'द्य'चं दक्षिणेकडे, बल्गेरियाच्या बाजूला, 'झ्द' झालं, आणि रशियाच्या बाजूला नुसतं 'झ'. चर्चच्या पोथ्यांतून दक्षिणेचं रूप आलं, घरचं होतंच. रशियनने दोन्ही ठेवली आणि अर्थ वाटून दिले. पोथीतला शब्द अडाण्याला, घरचा शब्द उद्धटाला. आपल्याकडे तत्सम-तद्भव जोड्या असतात, तसाच हा प्रकार.

गोदाकाठ

तत्सम-तद्भवाचा मुद्दा लगेच कळला. साक्षीदाराला काय म्हणतात हो? आपल्या 'साक्षी'मध्ये डोळा आहे, अक्षि. म्हणून विचारलं, कारण वर 'पाहणे' आणि 'जाणणे' एकच म्हणालात.

जुना_कॉम्रेड

फार नेमका प्रश्न! रशियनमध्ये साक्षीदार म्हणजे 'स्विद्येत्येल'. आज त्यात 'विद्येत्' (पाहणे) दिसतं. पण जुन्या लेखनात तो 'सव्येद्येत्येल' होता : बरोबरीने जाणणारा. नंतर लोकांना वाटलं, साक्षीदार म्हणजे पाहिलेला माणूस, आणि स्वर बदलला. चेक 'स्व्येदेक' आणि पोलिश 'श्व्यादेक' मात्र अजून जाणणारेच आहेत.

पाहण्याचा *विदेती आणि जाणण्याचा *वेदेती हे सख्खे. एकाच धातूचे दोन स्वर. मुळात 'एय' होतं तिथे स्लाव्हिकमध्ये इ आली, 'ओय' होतं तिथे तो दीर्घ ए आला.

तळ्यातमळ्यात

लॅटिनमध्येही 'विदेरे' म्हणजे पाहणे ना? त्यावरून व्हिडिओ. आणि व्हिसा पण. म्हणजे रात्री दोनपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ बघणं हे व्युत्पत्तीच्या दृष्टीने वेदाध्ययन ठरतं. घरी सांगून बघतो.

लिपीकार

'दीर्घ ए'बद्दल थोडं, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

या स्वराला सिरिलिकमध्ये वेगळं अक्षर होतं, नाव 'यात'. वेगवेगळ्या स्लाव्ह भाषांनी त्याचं वेगवेगळं केलं. 'बातमी' हा एकच शब्द घ्या. रशियन व्येस्त्, बेलग्रेडमध्ये वेस्त, झाग्रेबमध्ये वियेस्त, दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर विस्त. युक्रेनियनमध्ये सुद्धा इ : 'विदोमी' म्हणजे प्रसिद्ध, विदित. ही सगळी रूपं एका स्वरातून निघू शकतात, पण साध्या ए-मधून निघू शकत नाहीत, कारण साधा ए या भाषांत अशा जागी साधारणपणे ए-च राहिला आहे. म्हणून मूळ रूपात 'यात'च हवा. तारा असलेलं रूप असं घडतं : प्रत्येक भाषेला तिची अडचण विचारायची, आणि सगळ्यांची अडचण ज्या एका रूपाने सुटते ते मांडायचं.

रशियात १९१७-१८ च्या लेखनसुधारणेत 'यात' काढून टाकला आणि ए लिहायला लागले. त्यामुळे आज 'व्येदत्' (जाणणे) आणि 'व्येस्ती, व्येदू' (हात धरून नेणे) एकाच धातूचे वाटतात. पूर्वी लिहिताना फरक दिसायचा. नेण्याच्या त्या धातूशी आपली वधू जोडतात.

लघुकौमुदी

याला माझी एक पुरवणी. आपला ए सुद्धा मुळात साधा स्वर नाही, संयुक्त आहे. ने + अन = नयन हा संधी करताना ए फुटून अय होतो, तो जुन्या 'अइ'चा पुरावा. म्हणजे वेद आधी 'वइद' होता. 'यात' हा स्वरही तशाच संयुक्त स्वरातून आलेला. दोन्ही भाषांनी आपापल्या वेळी, एकमेकींना न विचारता, तो मिटवून टाकला. जुन्या प्रशियन भाषेत (बाल्टिक समुद्राकाठची, आता नामशेष) तो मिटलाच नाही. तिथे 'आम्ही जाणतो' म्हणजे 'वाइदिमाइ', उघडा संयुक्त स्वर.

आणि रूपं शेजारी ठेवा. वेद्मि, वेत्सि, वेत्ति. तिकडे वेमि, वेसि, वेस्त. द आणि त शेजारी आले की आपण त्त करतो, ते स्त करतात. 'वेस्त' (बातमी) मध्ये तोच स्त. त्या शब्दाला सम् उपसर्गाचा भाऊ लावला की 'सव्येस्त्', म्हणजे रशियनमध्ये सदसद्विवेक. ग्रीकमधला 'बरोबरीने जाणणे' अर्थाचा शब्द धर्मग्रंथांच्या भाषांतरात तुकड्या-तुकड्याने उतरवून तो बनवला.

मैत्रेयी_ब

'न्येव्येस्ता' (नवरी) पण यातलीच असं वाचलंय. न-विदिता, अनोळखी. नव्या घरात आलेली, म्हणून.

जुना_कॉम्रेड

त्यावर मतभेद आहेत. एक गट म्हणतो 'अनोळखी', दुसरा म्हणतो 'नव्याने आणलेली', लिपीकारांनी सांगितलेल्या नेण्याच्या धातूवरून. मला पहिलं मत जवळचं वाटतं, कारण लग्नाच्या रीतींत नवरीला झाकून, लपवून नेण्याची प्रथा स्लाव्ह लोकांत अनेक ठिकाणी होती. शब्द मात्र दूरवर पोचला. रोमानियन ही लॅटिनची लेक, पण तिने बायकोला 'नेवास्ता', बातमीला 'वेस्ते' आणि गोष्टीला 'पोवेस्ते' हे तिन्ही शब्द शेजारच्या स्लाव्हांकडून घेतले.

प्रागचा_पाहुणा

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पण माझा तिसरा प्रश्न अर्धाच सुटला. रशियनने व्येदत्ला कारभारी केलं हे कळलं. पण चेक, पोलिशने दोन्ही क्रियापदं का ठेवली, आणि रशियनने एकच का?

वॉर्सावाली

आमच्याकडे कामं वाटलेली आहेत, म्हणून दोन्ही जगली. गोष्ट माहीत असणे म्हणजे व्येजेच, माणूस किंवा गाव ओळखीचं असणे म्हणजे ज़्नाच. 'तो कुठे राहतो ते मला माहीत आहे' आणि 'मी त्याला ओळखते' यांत मराठीतही आपण एकच क्रियापद वापरत नाही. चेकमध्ये व्येद्येत आणि ज़्नात तसेच वाटून घेतलेले आहेत.

मिन्स्कमधून

इतका वेळ नुसती वाचत होते, पण बेलारूस राहून गेलं म्हणून लिहिते. इथे बेलारूशियनमध्ये 'जाणणे' म्हणजे 'व्येदात्स'च, रोजच्या बोलण्यातलं. 'न्ये व्येदायु', माहीत नाही. रशियन आणि बेलारूशियन इतक्या जवळच्या, तरी एकीने कारभारी केलं आणि दुसरीने जाणकारच ठेवलं. शहरात रशियनच जास्त ऐकू येते, पण कुणी 'व्येदायु' म्हणालं की लगेच कळतं, हा माणूस बेलारूशियन बोलतोय.

लघुकौमुदी

मिन्स्कमधून, हे मला माहीत नसलेलं जिवंत उदाहरण दिलंत, आभार.

आता नकाशा पुरा होतो. चेक, स्लोव्हाक, पोलिश, सोर्बियन (जर्मनीतली छोटी स्लाव्ह भाषा), स्लोव्हेनियन ('वेम', मी जाणतो) आणि बेलारूशियन यांनी वेद्-वालं क्रियापद कामावर ठेवलं. रशियन, सर्बियन, बल्गेरियन यांच्यात ज़्ना-वाल्याने बाजी मारली. पण हरलेल्या धातूची नामं सगळीकडे राहिली. बल्गेरियनमध्ये 'ज़्नाम' म्हणजे मी जाणतो, पण वर्तमानपत्र म्हणजे 'वेस्तनिक'.

मराठीचंही हेच झालंय. विद् धातूचं क्रियापद मराठीत आहे कुठे? 'मी वेदतो' असं कुणी म्हणत नाही. विद्या, विद्वान, वैद्य, वेदना, निवेदन, अशी नामं तेवढी उरली. क्रियापद जिवंत राहिलं ते ज्ञा-चं, 'जाणणे'. इंग्रजीतही तेच : 'विट' क्रियापद म्हणून संपलं, नाम म्हणून राहिलं, आणि 'नो' जिंकलं, जो ज्ञा-चाच भाऊ. जर्मनने मात्र चेक-पोलिशसारखी वाटणी करून जुनं टिकवलं.

याचं कारण माझ्या मते रूपांच्या अवघडपणात आहे. वेद-विदतुः-विदुः, वेमि-वेसि-वेस्त, वीम-वीश-व्येदी, ही रूपं कुठल्याच भाषेत सरळ चालत नाहीत. जुन्या स्लाव्हिकमध्ये असणे, देणे, खाणे, जाणणे आणि जवळ असणे अशी जेमतेम पाच क्रियापदं या पद्धतीने चालायची. असणे, देणे, खाणे यांच्यावाचून कुणाचं चालत नाही, म्हणून ती अवघड असूनही टिकली. जाणण्याला पर्याय होता, सरळ चालणारा. बेलारूशियननेही जुनी वाकडी रूपं सोडून 'व्येदायु' असं सरळ चालवलं, म्हणूनच बहुधा त्यांच्याकडे ते जगलं.

मिन्स्कमधून

'देणे' आणि 'खाणे' अजूनही तशीच वाकडी चालतात! 'येम', मी खातो. वर्गात सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

प्रागचा_पाहुणा

चेकमध्येही : 'यीम', मी खातो. वीम आणि यीम शेजारी ठेवून पाहिले, दोन्ही एकाच साच्यातले. हे आज कळलं. काकांना आणि ऑफिसातल्या मित्राला, दोघांनाही वेज़्ती-वोज़ पाठवलंय. मित्राचं उत्तर आलं : 'तो व्येद्येल!' म्हणजे, 'हे माहीत असायला हवं होतं.'

जुना_कॉम्रेड

ते 'तो व्येद्येत' आहे का 'तो व्येद्येल' ते त्याला नीट विचारा. ल-वालं रूप भूतकाळाचं, 'तो जाणत होता'. संकेतार्थ करायला चेकमध्ये पुढे 'बी' लागतो. आणि तो 'बी' म्हणजे आपल्या भू धातूचा. त्यासाठी नवीन धागा काढा, मी येतो.